डोक्याला मार लागलेल्या किशोरवयीन मुलांचं सोशल स्किल्स ट्रेनिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोलीपासून खारघरपर्यंतच्या पालकांकडून आणि काही शिक्षकांकडून पुन्हा पुन्हा येणारे हे प्रश्न. इथे ‘इजा’ म्हणजे जन्मानंतर मेंदूला झालेली कुठलीही इजा: अपघात, पडणं, मेंदूज्वर, गाठीचं ऑपरेशन. वय साधारण १२ ते १८.

१. मुलगा चालतो, बोलतो, मार्कही बरे पडतात. मग हे ट्रेनिंग कशाला?

चालणं-बोलणं आधी परत येतं आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मित्रांत वावरायला लागतं ते वेगळंच: समोरच्याचा चेहरा वाचणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, तोंडावर आलेलं गिळणं, विषय बदललाय हे ओळखणं. ही कामं बरीचशी मेंदूच्या कपाळामागच्या आणि कानशिलांजवळच्या भागांवर चालतात. कवटीचा तळ नेमका तिथेच खडबडीत आहे. डोकं मागून आपटलं तरी मेंदू पुढे सरकून त्या हाडांवर घासतो. त्यामुळे गणित शाबूत आणि मैत्री बिघडलेली, असं चित्र दिसतं. सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका; मेंदूतले तंतू ताणले गेल्याची इजा साध्या सीटीत बरेचदा दिसतच नाही.

आणखी एक. सहावीत कोणी मैत्रीत फारसं काही मागत नाही. नववी-दहावीत मागतात. तेव्हा सहावीतल्या इजेचा परिणाम तीन वर्षांनी ‘अचानक’ दिसू शकतो.

२. पूर्वी शांत होता. आता उलट बोलतो, सरांना अरे-तुरे करतो. मुद्दाम करतो की इजेमुळे?

तीन गोष्टी तपासा. इजेआधी असं होतं का? दमल्यावर, गोंगाटात, संध्याकाळी वाढतं का? आणि त्यातून त्याला काही मिळतं का, की त्याचंच नुकसान होतं? पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो आणि तिसऱ्यात नुकसान त्याचंच असेल, तर इजेचा हात मोठा आहे असं धरून चाला. थोडा वयाचा फणकाराही असणारच, तो सगळ्याच घरांत असतो.

नंतर केलेली शिक्षा इथे फारशी लागू पडत नाही. ब्रेक निकामी झालेल्या गाडीचं चलन फाडून ब्रेक दुरुस्त होत नाहीत. बदल करायचा तो प्रसंगाच्या आधी (प्रश्न ६ आणि १३).

३. कधी सुरू करावं? दोन वर्षं झाली, उशीर झाला का?

वार, तारीख, कालचं जेवण आठवायला लागलं, गोंधळलेपण ओसरलं की सुरू करता येतं. उत्तम वेळ म्हणजे शाळा पुन्हा सुरू व्हायच्या तीन-चार आठवडे आधी. दोन वर्षांनीही उपयोग होतो, फक्त तोवर मुलाला काही चुकीच्या सवयी लागलेल्या असतात आणि मित्रांनी त्याच्यावर शिक्का मारलेला असतो. काम वाढतं.

४. आधी कोणाकडे जायचं?

आधी कान, डोळे आणि नाक. हसू नका. कानामागचं हाड मोडलं असेल तर एका कानाने कमी ऐकू येऊ शकतं, मग डाव्या बाजूने मारलेल्या हाकेला उत्तर येत नाही आणि मुलगा ‘भाव खातो’ ठरतो. ऑडिओमेट्री करून घ्या. डोक्याच्या मारानंतर वास जाणंही नवीन नाही. मुलाला स्वतःच्या घामाचा वास येत नाही, पण बाकावर शेजारी बसणाऱ्याला येतो. उपाय सोपा: ठरलेल्या वेळी आंघोळ, रोज धुतलेला शर्ट, वास येवो न येवो.

मग न्यूरोसायकॉलॉजीचं (मेंदू आणि वागणं यांच्या नात्याचं) काम केलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून स्मृती, लक्ष आणि स्वतःला आवरण्याची तपासणी, आणि स्पीच थेरपिस्टकडून संभाषणाची. उच्चार स्पष्ट असले तरी स्पीच थेरपिस्ट लागतो, कारण गप्पा कशा चालतात हा त्यांचाच विषय आहे. सरकारी आणि पालिकेच्या सोयींत वाशीचं नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र, खारघरमधलं राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचं प्रादेशिक केंद्र आणि वांद्र्याची अली यावर जंग वाचा-श्रवण संस्था इथे चौकशी करा. या संस्थांचं मुख्य काम दिव्यांगत्वाच्या वेगवेगळ्या प्रकारांचं आहे. म्हणून फोनवर थेट विचारा, ‘मेंदूला मार लागलेल्या मोठ्या मुलांचं काम तुमच्याकडे कोण बघतं?’

५. गटाच्या एका सत्रात नेमकं काय चालतं?

गट ४ ते ६ मुलांचा, शिकवणारे दोन. आठवड्यातून एकदा, ६० ते ९० मिनिटं, सलग १२ ते १६ आठवडे. पालकांची वेगळी बैठक असावीच. नसेल तर तो गट अर्धाच.

पहिली दहा मिनिटं गेल्या आठवड्याचा गृहपाठ. मग एकच नवं कौशल्य: शिकवणारे आधी ते चुकीचं करून दाखवतात, मग बरोबर. अर्धा तास जोड्या लावून सराव, बरेचदा मोबाईलवर शूटिंग करून. मध्ये खाऊची सुट्टी, आणि ती उगाच नसते. बिस्किटाचा पुडा फिरवताना दुसऱ्याला आधी विचारणं हाही सरावच. शेवटी गृहपाठ: कोणाशी, कुठे, कधी, हे लिहून.

तासभर ‘मोठ्यांशी नम्रपणे बोलावे’ असं भाषण चालत असेल, किंवा सगळ्या मुलांना एकच छापील कागद वाटत असतील, तर फी देण्याआधी विचार करा. नियम या मुलांना पाठ असतात. ऐन वेळी ते वापरता येत नाहीत, अडतं तिथे.

६. वेटिंग लिस्ट मोठी आहे. घरी सुरुवात कशापासून करू?

एका सवयीपासून. दोन नाही, एकच. ती रोज घडणारी आणि मोजता येणारी हवी. समजा, ‘दुसऱ्याचं बोलणं तोडतो’.

पहिले तीन दिवस काहीही न सुधारता नुसतं मोजा. रात्रीच्या जेवणात दहा मिनिटांत किती वेळा तोडलं, ते कागदावर रेघा मारून. आठ, अकरा, नऊ आलं, तर सरासरी नऊ.

चौथ्या दिवशी शांत वेळी, टीव्ही बंद करून, खूण ठरवा. खूण मुलाने निवडायची. मनगटावर बोट टेकवणं चालतं, ताटाच्या कडेला टिचकी चालते. ‘शूऽऽ’ चालत नाही, डोळे वटारणं तर नाहीच. खूण दिसली की त्याने काय करायचं तेही ठरवा: तोंड मिटायचं, पाण्याचा घोट घ्यायचा, समोरच्याचं वाक्य संपलं की बोलायचं. पाण्याचा घोट महत्त्वाचा आहे. ‘बोलू नकोस’ या सूचनेत करायला काही नसतं, घोट घेण्यात असतं.

मग रोज तीच दहा मिनिटं. खूण घरातल्या एकानेच करायची. आई, बाबा, आजी तिघं एकदम खुणा करायला लागले की मुलगा ताट सोडून उठतो, आणि त्यात त्याची चूक नाही. जमलं की लगेच, नेमकं सांगा: ‘आत्ता ताईचं वाक्य पूर्ण होऊ दिलंस.’ नुसतं ‘शाब्बास’ कशाबद्दल ते त्याला कळत नाही.

ध्येय पाच पायऱ्यांवर लिहा. आज आहे तिथे उणे २ (नऊ वेळा), थोडं बरं उणे १ (सहा), ठरवलेलं शून्य (चार), त्याहून चांगलं अधिक १ (दोन), फारच छान अधिक २ (एक किंवा एकदाही नाही). चार आठवडे द्या. शून्यावर सलग आठवडाभर राहिला की खुणा निम्म्या करा, मग बंद. इथेच घाई होते: जमायला लागलं म्हणून खूण एकदम थांबवतात आणि चार दिवसांत आकडा परत नऊवर येतो.

७. सांगितलेलं दहा मिनिटांत विसरतो. याला कसं शिकवणार?

अंतर वाढवत विचारा. एक छोटा प्रश्न, एक छोटं उत्तर. ‘घोळक्यात शिरण्याआधी काय करायचं?’ ‘दोन पावलं लांब थांबून ऐकायचं.’ लगेच विचारा, मग एक मिनिटाने, मग दोन, चार, आठ, सोळा. बरोबर आलं की अंतर दुप्पट. चुकलं की ‘आठव बघू’ म्हणून ताणू नका. बरोबर उत्तर लगेच सांगा, त्याच्याकडून म्हणवून घ्या आणि शेवटच्या जमलेल्या अंतरावर परत या. स्मृती अधू असलेल्या मुलाने अंदाजाने दिलेलं चुकीचं उत्तरच पक्कं बसतं, म्हणून अंदाज करू द्यायचा नाही. तेच वाक्य मोबाईलच्या लॉक स्क्रीनवर ठेवा.

८. टोमणे आणि थट्टा कळत नाही. सगळं खरं मानतो. हे शिकवता येतं?

येतं, पण सावकाश. मराठीत हे जरा जास्तच अवघड आहे, कारण आपण सरळ बोलतोच कुठे? ‘बघू’ म्हणजे बहुधा नाही. ‘या कधीतरी घरी’ हे आमंत्रण नसतं. अर्धा तास उशिरा आलेल्याला ‘वा, काय वेळेवर आलास!’ म्हणतात आणि आपला मुलगा ‘थँक्यू’ म्हणतो. वर्ग हसतो.

तीन प्रश्नांची सवय लावा: शब्द काय आहेत? सूर कसा आहे? प्रसंग काय आहे? तिन्ही जुळले तर खरं. शब्द एकीकडे आणि प्रसंग दुसरीकडे असेल तर टोमणा किंवा थट्टा. सरावाला घरातली वाक्यं घ्या. ‘किती छान पसारा केलायस’ हे एकदा सरळ, एकदा ताणून म्हणा, रेकॉर्ड करा आणि दोन्ही ऐकवा. मालिकेतला प्रसंग आवाज बंद करून बघणं हाही चांगला सराव: चेहऱ्यावरून राग की लाज, ते आधी ओळखायचं, मग आवाज लावून ताळा करायचा. रोज पाच-सहा प्रसंग पुरे.

तरीही वेळेवर ओळखता येईलच असं नाही. म्हणून एक सुटकेचं वाक्य पाठ असू द्या: ‘खेचतोयस का रे?’ हसत म्हटलेलं हे वाक्य ओळखता न आलेल्या बहुतेक प्रसंगांत निभावून नेतं.

परदेशी व्हिडिओ-चाचण्यांत टोमणे ओळखायचे असतात, पण त्यांतले उच्चार आणि सूर तिकडचे. त्यातले कमी मार्क जपून वाचा.

९. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, खाली मुलं हिंदी. सराव कोणत्या भाषेत?

ज्यांच्यात मिसळायचं त्यांच्या भाषेत. सोसायटीतली मुलं हिंदी बोलत असतील तर ‘मैं भी खेलूँ क्या?’ याचाच सराव. नवी पायरी मात्र मुलाला सगळ्यात सोप्या जाणाऱ्या भाषेत समजावा. भाषा बदलताना जास्त वेळ लागतो, त्याला मंदपणा समजू नका.

१०. सेंटरमध्ये सगळं जमतं, सोसायटीत खाली गेला की फिसकटतं. असं का?

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. इजेनंतर एका जागी शिकलेलं दुसरीकडे आपोआप जात नाही, ते उचलून न्यावं लागतं. बंद खोलीत एक माणूस शांतपणे बोलतो. खाली सहा मुलं, बॉल, हॉर्न, आणि कोणी थांबत नाही.

म्हणून गोंगाटाची शिडी करा. घरात एकाशी, मग सोसायटीच्या बाकावर दोघांशी, मग दुपारच्या निवांत वेळी तलावपाळीला, मग तिथेच रविवारी संध्याकाळी. ठाणे स्टेशनचा संध्याकाळचा प्लॅटफॉर्म सगळ्यात वरची पायरी, ती सहा महिन्यांनी आली तरी हरकत नाही. प्रत्येक पायरीवर पाचपैकी चार वेळा जमलं की पुढे.

एक उदाहरण जवळून बघा. वडापावच्या गाडीवर ऑर्डर देणं. घरी वाक्य पक्कं करायचं: ‘काका, दोन वडापाव, एकात तिखट चटणी नको.’ पहिल्या वेळी गर्दी नसताना जायचं, तुम्ही शेजारी. त्याने बघायचं: काकांचा हात मोकळा आहे का, नजर वर आली का. मग बोलायचं. दुसऱ्याचं बोलणं चालू असेल तर थांबायचं. पैसे आधी की नंतर, ते विचारायचं. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही चार पावलं मागे, तिसऱ्यात रस्त्याच्या पलीकडे. चुकतं ते बहुतेक एकाच ठिकाणी: कोणीतरी मध्ये घुसतं आणि मुलगा ओरडतो किंवा गप्प परत येतो. म्हणून ‘भाऊ, माझा नंबर आहे’ हे वाक्य आधीच तयार हवं.

११. मित्र यायचे बंद झाले. बोलावू कसे?

घोळका नको, एकच मित्र. तास-दीड तास नको, ४५ मिनिटं. नुसत्या गप्पा नकोत, हातात काम हवं: कॅरम, भेळ करणं, सायकलला हवा भरणं. आणि मजा चालू असतानाच संपवा. दमल्यावर जे बिनसतं तेच मित्राच्या लक्षात राहतं. मुलाच्या परवानगीने मित्राला तीन गोष्टी सांगा: तो मध्येच बोलला तर ‘थांब जरा’ म्हण, तो चिडत नाही, तेच परत सांगत असेल तर ‘हे सांगितलंस’ म्हण, उत्तराला वेळ लागला तर थांब. समोरच्याला शिकवणं हा या ट्रेनिंगचा निम्मा भाग आहे आणि नेमका तोच राहून जातो.

१२. व्हॉट्सॲप ग्रुपवर नको ते टाकतो. शिवाय कोणी मागितलं की पैसे पाठवतो.

मोबाईल काढून घेतला तर उरलेसुरले मित्रही जातील. त्याऐवजी: ग्रुपवर लिहायचं ते आधी स्वतःलाच मेसेज करून, दहा मिनिटांनी वाचून मग पुढे. रात्री नऊनंतर ग्रुप म्यूट. रागात व्हॉइस मेसेज नाही. पैशांसाठी खात्यात रोजची गरज भागेल एवढीच रक्कम. ‘घरी विचारून सांगतो’ हे एक वाक्य तीन ठिकाणी चालतं: उसने मागणारा, सिगरेट देणारा आणि ‘चल, स्कूटी काढ’ म्हणणारा. स्कूटीच्या बाबतीत तर कायदाही कडक आहे: अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

१३. एकदम भडका उडतो. त्या वेळी काय करायचं?

त्या वेळी फार थोडं: आवाज खाली, शब्द कमी, प्रेक्षक बाजूला, वाट मोकळी. समजावणं दुसऱ्या दिवशी. खरं काम आधीचं आहे. आठवडाभर प्रत्येक भडक्याची वेळ, जागा, आधीची झोप आणि शेवटचं खाणं लिहा. बरेचसे भडके शाळा सुटल्यानंतर आणि क्लास सुरू होण्याआधी सापडतात. तिथे अंधाऱ्या खोलीत २० मिनिटं पडणं आणि काही खाणं ठेवलं की भडके कमी होतात. भडके नव्यानेच वाढले असतील तर प्रश्न १८ आधी वाचा.

१४. ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतो, यायलाच तयार नाही.

वाद घालू नका. चूक न दिसणं हाही इजेचाच भाग असू शकतो. आधी अंदाज, मग कृती, मग ताळा: ‘पाच मिनिटांच्या गप्पांत तू किती प्रश्न विचारशील?’ तो म्हणेल पाच. शूटिंगमध्ये एक निघतो. तुम्ही काही बोलायचं नाही, आकडा त्यानेच लिहायचा.

स्वतःची चूक दिसायला लागली की काही मुलं खचतात. झोप उडणं, एकटं बसणं, ‘मी नसतो तर बरं’ असं बोलणं हलक्यात घेऊ नका. डॉक्टरांना लगेच सांगा. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक २४ तास चालू असतो.

१५. जवळ फक्त ऑटिझमच्या मुलांचा गट आहे. चालेल?

काही अंशी. पियर्स हा कार्यक्रम मुळात ऑटिझम असलेल्या किशोरांसाठी तयार झाला आणि पुढे ऑस्ट्रेलियात मेंदूला इजा झालेल्या मुलांसोबतही वापरून पाहिला गेला. पायऱ्या उपयोगी पडतात. फरक असा: आपल्या मुलाला आधीचे मित्र, आधीचा तो स्वतः आठवतो, त्याचं दुःख वेगळं, शिवाय थकवा आणि विसरणं जास्त. त्यामुळे वेग कमी, उजळणी दुप्पट आणि मध्ये विश्रांती मिळणार असेल तरच घाला.

१६. शाळेला किती सांगायचं? दहावीला सवलत मिळते का?

वर्गशिक्षकांना एक पान द्या, पूर्ण फाईल नको. त्यात: काय जमतं, काय अडतं, खूण कोणती, दमल्यावर कुठे बसवायचं. वर्गाला काय सांगायचं ते मुलानेच ठरवावं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ‘मेंदूची इजा’ हा वेगळा प्रकार नाही. मूल्यमापन परिणामांवरून होतं, उदाहरणार्थ हालचाल, वाचा, बौद्धिक क्षमता. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आलं तर १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींचा अर्ज शाळेमार्फत मंडळाकडे जातो. आपल्याकडच्या शाळांसाठी ते वाशीचं मुंबई विभागीय मंडळ. नववीतच कागद सुरू करा. फक्त वागण्यातच अडचण असेल तर टक्केवारी कमी येऊ शकते, म्हणून सायकॉलॉजिस्टचा सविस्तर अहवाल सोबत हवा.

१७. मुलींच्या फार जवळ जातो, अंगाला हात लावतो. कोणाला विचारायचीही लाज वाटते.

विचारा, उशीर करू नका. आवर कमी झाल्यामुळे हे होऊ शकतं, पण समोरच्या मुलीचा त्रास त्यामुळे कमी होत नाही आणि पोक्सो कायदा मुलग्यालाही लागू होतो. ‘नीट वाग’ म्हणून भागत नाही, माप द्या: बोलताना एक हात लांब, हात स्वतःच्या खिशात किंवा बॅगेच्या पट्ट्यावर, स्पर्श फक्त समोरून हात पुढे आला तर. नकार कसा दिसतो तेही शिकवा: मागे सरकणं, उत्तर न देणं, मोबाईलमध्ये बघणं. दोनदा घडलं तर गटाआधी वैयक्तिक थेरपी.

उलट बाजूही बघा. इजा झालेली मुलं-मुली चटकन विश्वास टाकतात आणि त्यांचा गैरफायदा घेतला जातो. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८.

१८. छान सुधारत होता आणि अचानक मागे गेला. ट्रेनिंग चुकलं का?

आधी शरीर बघा. फिटचं औषध नुकतं सुरू झालं किंवा वाढलं आहे का? लेव्हेटिरासिटाममुळे काही मुलांत चिडचिड आणि आक्रमकपणा वाढतो. स्वतःहून बंद करू नका, फिट येण्याचा धोका असतो. न्यूरोलॉजिस्टना सांगा, पर्याय असतात. मधूनच काही सेकंद शून्यात बघणं ही फिट असू शकते, तेव्हा मोबाईलवर शूटिंग करून ठेवा. वाढती डोकेदुखी, उलट्या, गुंगी, तोल जाणं, नव्याने फिट येणं यांपैकी काही असेल तर, आणि डोक्यात शंट (मेंदूतलं जादा पाणी काढणारी नळी) असेल तर विशेषच, त्याच दिवशी हॉस्पिटल.

यातलं काहीच नसेल तर शाळा बदलली का, परीक्षा जवळ आली का, झोप तुटते का, घरातली खूण करणारी व्यक्ती बदलली का, ते बघा. मग शिडीवर एक पायरी खाली या (प्रश्न १०) आणि पुन्हा तीन दिवस नुसतं मोजा (प्रश्न ६). डॉक्टरांकडे जाताना तोच रेघांचा कागद न्या. त्यावर तारखांसमोर बदललेल्या गोळीचं नाव आणि डोस लिहिलेला असू द्या.